निचिते सिस्टर आणि पलीकडचं गाव

निचिते सिस्टर माणसाचं तोंड नंतर बघायच्या. आधी अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायच्या आणि मग "काय गो, कशी हायस?" म्हणायच्या. शहापूरला आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी प्रवेशाचा फॉर्म पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि माझी पापणी ओढली.

"पांढरीफटक," त्या म्हणाल्या. "पालेभाजी कदी खाल्ली होतीस?"

मला आठवेना. त्यांनी पिशवीतून लाल गोळ्यांची पट्टी काढून माझ्या टेबलावर ठेवली, पेन मागितलं आणि फॉर्म भरायला बसल्या. वय पन्नास. हुद्दा, आरोग्य सेविका. शेणव्याच्या पुढे आत एका उपकेंद्रावर नेमणूक. त्या वर्षी सगळ्या सरकारी माणसांनी कॉम्प्युटरची परीक्षा द्यायची असं परिपत्रक निघालं होतं. त्यामुळे खताच्या दुकानावरच्या आमच्या दोन खोल्यांत दुपारी दोनच्या बॅचला एक तलाठी, दोन गुरुजी, एक ग्रामसेवक आणि या सिस्टर अशी मंडळी जमायची. पाच कॉम्प्युटर, पाच माणसं, आणि शिकवायला मी.

सिस्टर आत आल्या की आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि मगच कीबोर्डला हात लावायच्या. माउस मात्र त्यांना जमेना. नुकत्याच जन्मलेल्या पोराचं डोकं तोलावं तसा त्या तो तळहातावर उचलून घ्यायच्या. "सिस्टर, खाली टेकवा," मी म्हणायचे. "टेकवते गो, पण दाबला तर दुखल असं वाटतं ह्याला," त्या म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

माउसचा हात बसावा म्हणून आमच्या ह्यांनी सगळ्या मशीनवर एक खेळ टाकून ठेवला होता. कल्याणहून कोणाची तरी सीडी आणून कॉपी केलेला. खेळात एक राज्य होतं. मधे किल्ला, भोवती सात गावं, एक नदी आणि उत्तरेला डोंगर. त्या डोंगरातून मेलेल्यांची फौज खाली उतरायची. हाडांचे शिपाई, फाटक्या कपड्यांतली प्रेतं, आणि त्यांच्या मागून काळ्या झग्यातला एक मांत्रिक. जे गाव पडेल, त्या गावची मेलेली माणसं पुढच्याच डावाला उठून त्यांच्या फौजेत चालायला लागायची. तीस डाव टिकायचं, म्हणजे वसंत येतो आणि मढी परत जातात. एक डाव आपला, एक डाव कॉम्प्युटरचा. आपल्या डावात हवा तेवढा वेळ विचार करत बसलं तरी चालायचं.

सिस्टरांना हेच पहिल्यांदा आवडलं. "बरं हाय. ह्याच्यात विचार कराय वेळ देतात," त्या म्हणाल्या.

खेळात सगळ्यांत तरबेज तलाठी भाऊसाहेब. त्यांची रीत ठरलेली होती. पहिल्या पाच डावांत सातही गावांतले शिपाई काढून किल्ल्यात ओढायचे, दरवाजे लावून घ्यायचे आणि तटावरून बाण मारत बसायचं. बहुतेक वेळा ते टिकायचे. एकदा सिस्टर त्यांच्या खुर्चीमागे उभं राहून बघत होत्या.

"भाऊसाहेब, ह्या गावांतली माणसं?"

"ती जाणारच, सिस्टर. त्यांचा उपयोग नाय काही."

"सातच्या सात?"

"अहो, किल्ला टिकला की जिंकलो. गावं मोजत नाय कोण."

सिस्टर आपल्या मशीनवर जाऊन बसल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदाच वर्ग सुटल्यावरही उठल्या नाहीत.

आठवड्याभरात त्यांनी एक निळी वही केली. उपकेंद्रातल्या रजिस्टरला असतात तसे रकाने आखलेली, पेन सुतळीने बांधलेलं. गाव, माणसं, पाणी, वाट. भाऊसाहेबांना दोन महिन्यांत जे दिसलं नव्हतं ते या बाईंनी चार दिवसांत हेरलं. काही गावं लढाई न होताच पडत होती. मांत्रिक गावात शिरतच नसे. तो बाहेरच्या विहिरीपाशी जायचा, काहीतरी टाकायचा, आणि तीन डावांनी गाव आपोआप आडवं व्हायचं.

"आदी पाणी बघायचं, मग माणूस," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी तटावरचे शिपाई काढून प्रत्येक विहिरीवर दोन-दोन उभे केले. वाटा अडवल्या. पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग एकदाही केला नाही. गुरुजी, ग्रामसेवक, सगळे आपापली कामं सोडून त्यांच्यामागे येऊन उभे राहिले. विसाव्या डावाला सहा गावं उभी होती.

सातवं गाव नदीपलीकडे होतं. नकाशाच्या कोपऱ्यात दोन झोपड्या आणि एक झाड, एवढंच. खेळात त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव होतं. सिस्टर त्याला 'पलीकडचं' म्हणायच्या. संकटात सापडलं की त्या गावातून शिंग वाजायचं. बारीक, लांबून आल्यासारखं. ते वाजलं की सिस्टरांच्या खांद्याला झटका बसायचा. मी एकदा म्हटलं, "आवाज बंद करू का?" त्यांनी जोरात मान हलवली. "नको. राहू दे."

शिंग वाजलं की त्या मदत पाठवायच्या. किल्ल्यातले शिपाई कमी करून पाठवायच्या. नदीला पाणी चढून पूल बुडालेला असायचा, शिपाई अल्याडच्या काठावर अडकून राहायचे, आणि पलीकडचं पडायचं. मग पंचविसाव्या डावाला पलीकडची माणसं किल्ल्याच्या दाराशी यायची. मेलेली, हळूहळू चालत, गावात असताना अंगावर होते त्याच कपड्यांत. त्यांत दोन लहान आकृत्या होत्या. इथपर्यंत आलं की सिस्टर माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवायच्या.

"मारा ना, सिस्टर!" भाऊसाहेब ओरडायचे. "तीस होतायत! जिंकताय तुमी!"

"मारू कशी? माझ्याच गावची हायत."

आणि किल्ला जायचा. असं किती वेळा झालं याचा हिशेब त्या निळ्या वहीत असेल. पावसाळा संपला, परीक्षा झाली, सिस्टर चांगल्या गुणांनी पास झाल्या, प्रमाणपत्र आलं. तरी मंगळवारी आणि शुक्रवारी दोनच्या गाडीने त्या यायच्याच. हात धुवायच्या आणि बसायच्या. मी त्यांचं मशीन दुसऱ्या कोणाला देत नसे.

एका दुपारी लाइट गेली. तेव्हा रोज तीन-चार तास जायचीच. बाकीचे चहाला खाली उतरले. पडदा काळा झाला तरी सिस्टर त्याच्याकडेच बघत बसल्या होत्या. मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि विचारलं, "सिस्टर, ते एक गाव सोडून दिलंत तर तुम्ही कधीच जिंकला असता. का नाही सोडत?"

सिस्टरांनी वही मिटली. मग सांगितलं ते असं सांगितलं, जसं रजिस्टरमधून वाचून दाखवतायत.

सात वर्षांपूर्वीचा भाद्रपद. पाऊस आठवडाभर थांबला नव्हता. त्यांच्या हद्दीतल्या मोठ्या गावात विहिरीत वरचं पाणी शिरलं आणि एका रात्रीत घराघरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. सिस्टर एकट्या. सोबतचा कर्मचारी रजेवर, डॉक्टर संध्याकाळपर्यंत पोचणार नव्हते. शाळेच्या ओट्यावर माणसं निजवलेली. सलाइनच्या बाटल्या मोजक्या.

"दुपारी ओहळाच्या पल्याडनं हाका आल्या. 'बाई वो! बाई वो!' पाड्यावरचे दोन गडी उभे होते. तिथंपण लागण झाली होती. पाड्यावर दहा-बारा घरं, हिकडं मोठं गाव. ओहळाला कमरेवर पाणी. गेले असते तर जाता आलं असतं तवा. पण मग हिकडची सोडून जावं लागलं असतं."

"मग?"

"मी अल्याडनं ओरडून सांगितलं, सकाळी येते, तवर मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा." त्या थांबल्या. "साखर. पाड्यावर साखर कोणाच्या घरात होती? नसणार, ते मला ठाव होतं. तरी सांगून टाकलं."

सकाळी ओहळाला पुरुषभर पाणी होतं. दुपारी चार माणसांनी दोर धरला तेव्हा त्या पलीकडे पोचल्या. चार जणं हातातनं गेली होती. सिस्टर 'मेली' कधी म्हणत नसत, 'हातातनं गेली' म्हणत. एक म्हातारा, एक ओली बाळंतीण, आणि हिरी नावाच्या बाईची दोन पोरं, पाच वर्षांचा आणि तीन वर्षांची.

"मोठ्या गावात एकपण गेलं नाय," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी वर लिहून कळवलं, बाईंनी योग्य निर्णय घेतला. माझा सत्कार झाला. शाल, नारळ."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "डॉक्टर बरोबरच बोलले. दोन्हीकडे जाणं शक्यच नव्हतं."

"तेच तर. सगळी तेच सांगतात. मीपण तेच सांगते त्यांना."

"कोणाला?"

"त्या चौघांना." आवाज जराही बदलला नाही. "येतात ना. बाजारात, यष्टी स्टँडवर, लसीकरणाला बायकांची रांग असते तिच्या शेवटाला. त्या दिवशी अंगावर होते तेच कपडे. बोलत नाय कोण. नुसती उभी राहतात, नंबर येईल म्हणून राहतात तशी. मी मनात सांगते, जमलंच नसतं रे बाबांनो. मग जातात."

लाइट आली. पंखा सुरू झाला. सिस्टरांनी मशीन चालू केलं.

त्यानंतर मी एकदा त्यांच्याबरोबर पाड्यावर गेले. मुरबाडला माहेरी निघाले होते. शेणव्याला त्या गाडीत चढल्या, खांद्याला लशीचा डबा. म्हणाल्या, "चल, बघायचं असंल तर." मी उतरले. ओहळ कोरडा पडत आला होता, दगडांवर पाय ठेवून सहज ओलांडला. एवढासा ओहळ, मी मनात म्हटलं. पाड्यावर बायका पोरं घेऊन जमल्या, सिस्टरांनी सुया दिल्या, वजनं केली, पापण्या ओढल्या, दोघींना दम भरला. सगळ्या त्यांच्याशी हसून-खिदळून बोलत होत्या. एकच बाई शेवटच्या घराच्या ओट्यावर आमच्याकडे पाठ करून शिंदीच्या पात्यांचा झाडू बांधत बसली होती.

काम उरकल्यावर सिस्टर तिच्या ओट्याशी गेल्या आणि गोळ्यांची पुडी कडेला ठेवली. "हिरे, कमरेत कळ येते ना, त्याच्यावर हायत." बाईने मान न वळवता हातातल्या झाडूने पुडी खाली लोटली. सिस्टरांनी ती उचलली, धूळ झटकली आणि पिशवीत टाकली.

परतताना मी विचारलं, "हे नेहमीचं?"

"दर महिन्याला."

"मग ठेवता कशाला?"

"तिनं ढकलायला नको का?" सिस्टर म्हणाल्या. "तेवढं तरी तिच्या हातात राहू दे."

मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी त्या आल्या आणि बसल्या बसल्या पहिल्याच डावात त्यांनी सरदार उचलला. राज्यात सरदार एकच असतो, तो किल्ल्यात ठेवायचा हे लहान पोरालाही कळतं. सिस्टरांनी त्याला पुलावरून पलीकडच्या गावी धाडला. भाऊसाहेबांनी पास होऊनही यायचं सोडलं नव्हतं. ते खुर्चीवरून उठलेच.

"सिस्टर, अहो अजून डोंगरात एक मढं दिसत नाय! शिंगपण वाजलं नाय! सरदार कशाला तिकडं?"

 सरदार त्या दोन झोपड्यांपाशी तीन डाव नुसता उभा राहिला. चौथ्या डावाला, जे आम्ही कोणीच कधी पाहिलं नव्हतं ते झालं. झोपड्यांतून माणसं बाहेर पडली. गाडीवर बोचकी लादली आणि सरदाराच्या मागोमाग, नदीला अजून पाणी चढलेलं नसताना, पुलावरून अल्याड आली. दोन लहान आकृत्या गाडीत बसलेल्या होत्या. सिस्टरांनी मागे पूल पाडला. पुढे शत्रू आला तो रिकाम्या झोपड्यांत शिरला. तिथे उठवायला कोणी नव्हतं.

तिसावा डाव संपला, पडदा हिरवा झाला, सनया वाजल्या. इंग्रजीत काही अक्षरं आली. "काय लिवलंय?" सिस्टरांनी विचारलं. मी वाचून मराठीत सांगितलं, "राज्य वाचलं. एकही माणूस गमावला नाही."

गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेब धावत खाली जाऊन गरम भजी घेऊन आले, कागद उलगडून सिस्टरांसमोर ठेवली. सिस्टर पडद्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. तापातून उठलेल्या माणसाचा असतो तसा, ओळख न पटणारा.

"म्हणजे होतं," त्या म्हणाल्या. "जमण्यासारखं होतं."

"सिस्टर, हा खेळ आहे," मी म्हटलं.

"त्या हाका आल्या, त्याच्या आठ दिवस आदी मी पाड्यावर गेले होते." त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. "झऱ्याचं पाणी गढूळ दिसलं होतं मला. पिशवीत पाणी साफ करायची पावडर नव्हती. म्हटलं, पुढल्या बुधवारी टाकू. तवा हाका नव्हत्या, काय नव्हतं. ओहळाला घोट्याएवढं पाणी." भजीच्या कागदाला तेल सुटत होतं. "हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनापण नाय. आता काय सांगू त्यांना?"

त्यांनी वही पिशवीत टाकली, मोरीत जाऊन हात धुतले आणि जिना उतरून गेल्या. नंतर क्लासला त्या कधी आल्या नाहीत. मी आमच्या ह्यांना सांगून तो खेळ पाचही मशीनवरून काढून टाकला. भाऊसाहेब चिडले. माझ्या मनातून मात्र ते गेलं नाही. त्या बाईने सात वर्षं 'जमलंच नसतं' या एका वाक्याच्या आधाराने काढली होती, आणि माउसचा हात बसावा म्हणून मी तिच्यापुढे ते ठेवलं होतं, जे तिचं वाक्य काढून घेणार होतं.

पुढे माझी मुलगी झाली, क्लासच्या दोन बॅचच्या चार झाल्या. सिस्टरांची खबर अधूनमधून कानावर यायची. नोकरीतून निवृत्त झाल्या. किन्हवलीकडचं भावाचं घर सोडून पाड्यावर जाऊन राहिल्या, असं कोणी म्हणालं. डोक्यावर परिणाम झालाय, असंही कोणी म्हणालं. दोन-तीन वर्षं मी जायचं धाडस केलं नाही.

गेले तेव्हा ज्येष्ठ लागला होता. पेरणीआधी शेतं भाजून झालेली, आभाळात अजून काही नव्हतं. पाड्याच्या टोकाला, हिरीच्या घराला लागून एक कुडाची खोली होती. सिस्टर दारात बसून कागदावर मीठ आणि साखर मोजून पुड्या बांधत होत्या. घराघराप्रमाणे लावून ठेवलेल्या. केस सगळे पांढरे झाले होते. मला बघून उठल्या, पापणी ओढली, "बरी हायस," म्हणाल्या.

आम्ही बसलो. इकडचं तिकडचं बोललो. दर वर्षी पावसाचे चार महिने त्या पाडा सोडून कुठेच जात नाहीत, हे त्यांनी असं सांगितलं, जसं आंब्याच्या दिवसांत आंबे खातो म्हणून सांगावं. शेवटी मी विचारायला नको ते विचारलं.

"सिस्टर, ती माणसं... अजून येतात?"

"येतात ना." त्यांनी एक पुडी घडी घालून बाजूला ठेवली. "मी सांगितलं त्यांना खरं काय ते. जमलं असतं म्हणून सांगितलं. तवापासनं उभी नाय राहत. बसतात."

"कुठे?"

त्यांनी ओट्याकडे, माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे नुसतं बघितलं. मी तिकडे बघितलं नाही.

उन्हं उतरायला लागली तशी त्यांनी कोपऱ्यातली बादली उचलली, त्यात पावडर कालवली. पाऊस पडायच्या आत झरा दोनदा साफ करायचा, हे त्यांचं ठरलेलं. झरा पाड्याखाली, दगडांनी बांधून काढलेला, खोल, कडेला शेवाळ. मी मागोमाग निघाले. सिस्टर काठावर गुडघ्यांवर बसल्या. त्यांचे गुडघे आता साथ देत नव्हते आणि हात पाण्यापर्यंत पोचत नव्हता. मी पुढे होणार तेवढ्यात मागून कोणीतरी मला बाजूला केलं. हिरी होती. ती सिस्टरांच्या मागे पाय रोवून उभी राहिली, त्यांचा पदर आणि कमरेजवळची साडी एकत्र गोळा करून दोन्ही मुठींत घट्ट आवळली.

"वाक तू," ती म्हणाली. "मी धरलंय."

सिस्टर वाकल्या.